भिंतीतून जाणारी छोटी लाईन

मामाजी,

हा शब्द मी तुमच्यासमोर कधीच उच्चारला नाही. तुमच्या माघारी म्हणायची, सासूबाईंशी, शेजारणीशी, विहिरीवर; ‘मामाजी गोरेगावच्या बाजाराला गेले’, ‘मामाजींचं जेवायचं आहे अजून’. तुम्ही सपरीत येऊन खाटेवर टेकलात की मात्र माझ्या तोंडाला कुलूप. आपल्या घरची रीतच होती ती, सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नसत. तुम्हाला पाणी हवं असलं तर तुम्ही गोठ्याकडे तोंड करून बैलाला सांगायचात, ‘पाणी आणा म्हणावं कोणी.’ बैल काही उठायचा नाही, मी उठायची. पदर पुढे ओढून तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागे सरायचं. एका छपराखाली राहून आपलं बोलणं हे असं, बैलाच्या मार्फत. आता मी तुमच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी झाले आहे आणि बैलही राहिला नाही, तेव्हा म्हटलं सरळच लिहावं.

हल्ली दुपारी जेवण झालं की मी आडवी होते. धड झोप लागत नाही, धड जागही राहत नाही, मधेच कुठेतरी पडून असते. मग ते घर येतं. मी त्याच्याकडे जात नाही, तेच येतं. मातीच्या जाड भिंती, पुढे पुरुषांच्या बसाउठायची सपरी, तिथं तुमची खाट आणि सुतारकामाचा पाट. आत माजघर, माजघराच्या कोपऱ्यात चूल आणि धानाची कोठी. सपरी आणि माजघराच्या मधे एक भिंत, आणि त्या भिंतीच्या तळाशी, कोठीतल्या उंदरांसाठी मांजराला येता यावं म्हणून ठेवलेलं भोक. त्या भोकातून एक गाडी येते. आधी नुसती खडखड, बांबूच्या रुळावर लाकडी चाकांची, सुपात चणे घोळवल्यासारखी. मग लाखेचा लाल रंग दिलेला एक डबा अंधारातून तोंड काढतो आणि हळूहळू चुलीजवळ येऊन थांबतो. मी हात पुढे करते, आणि जाग येते. जाग आली की मला राग येतो. कोणाचा ते कळत नाही, पण चहा होईपर्यंत तो जात नाही.

तुम्हाला ही हौस लागली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे, मी घरात यायच्या आधी. ती हकिगत मला सासूबाईंनी सांगितली, आणि तक्रार म्हणूनच सांगितली. हिरडामाळीच्या अलीकडे आपल्या धानाच्या बांधीला लागून छोटी लाईन जायची, अरुंद रुळांची रेल्वे. तिथं एकदा कोणाची तरी म्हैस रुळावर बसून राहिली आणि मालगाडीचे डबे घसरून आपल्या उभ्या धानात आडवे झाले. सगळं गाव धावलं. कोणी सांडलेले चणे पदरात भरले, कोणी म्हशीच्या मालकाला शोधायला निघालं. आणि तुम्ही, ज्यांचं धान चिरडलं होतं, ते त्या उलट्या डब्याच्या पोटाशी जाऊन उकिडवे बसलात. ‘धान पाहाले गेले अन् चाकं पाहात बसले,’ सासूबाई म्हणायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. डबे उचलून नेईपर्यंत तुम्ही रोज जात होतात. दोरीला गाठी मारून मापं घेतलीत, चाकापासून चाक, दारापासून दार. गाड्या गावात सगळ्यांनीच पाहिल्या होत्या, पण चाकांवर उभ्या. खालून पाहिलेले तुम्ही एकटे. मग नांगराच्या सुताराकडून सागाचे तुकडे आणलेत, घासलेटच्या डब्याचा पत्रा ठोकून सरळ केलात आणि पहिला मालडबा बनवलात. गाव तुम्हाला डब्बेवाले म्हणायला लागलं. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं असणार. त्यात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मी आले ती आमगावहून. आमच्या घरामागून बडी लाईन जायची, रुंद रुळांची, कलकत्त्याची गाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची. आई आणि मावशी विड्या वळायच्या आणि मीही लहानपणापासून तेंदूपानं कापायला बसलेली. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं कात्री फिरवायची. बोलता बोलता, डुलकी घेता घेता हात चालायचा. लग्नाच्या ट्रंकेत मी ती कात्री आणली तर सासूबाईंनी नाक मुरडलं. ‘शेतकऱ्याच्या घरी बिडीची कैची कायले पाहिजे?’ म्हणाल्या आणि कोठीमागे टाकून दिली. त्याच आठवड्यात त्यांनी मला तुमची गाडी दाखवली, दारातूनच, हात न लावता. एक इंजिन आणि मागे थोडे डबे, सपरीच्या भिंतीशी ओळीनं उभे. ‘नातवासाठी बनवून राहिले,’ त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. चांगलं हसल्या, मी खोटं सांगणार नाही. मीही लाजले. तेव्हा ते ऐकायला गोडच वाटलं होतं.

पुढे सपरीत तुमचे रूळ मावेनात. भिंत आडवी आली, तर तुम्ही भिंतीला मानलं नाहीत. आम्ही दोघी शेतावर असताना भोकातून बांबूच्या कामट्यांचे रूळ थेट चुलीपर्यंत आणलेत. सासूबाई त्यावरून खूप बोलल्या. मांजर तर रुसून शेजारी राहायला गेलं. सपरीची जमीन उंच आणि माजघराची खोल, त्यामुळे तिकडून सोडलेला डबा आपसूक आत यायचा, परत जायला मात्र चढ. आणि पहिल्याच दिवशी नवा सवारी डबा, माणसं बसायचा, भोकात अडकला. छप्पर उंच झालं होतं. सासूबाई बाहेर गेलेल्या, घरात मी एकटी. मी चुलीशी बसून बघते आहे. डब्याचं तोंड माझ्या बाजूला आलेलं, बाकी धड भिंतीत. तुम्ही पलीकडून ढकलता आहात, मला तुमचा श्वास ऐकू येतो आहे. तुम्हाला माहीत आहे की मी आत आहे, आणि मला माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे. मग गोठ्याच्या दिशेनं तुमचा आवाज आला, ‘कोणी असल तं वढा म्हणावं.’ मी ओढला. छपराची पट्टी मोडून माझ्या हातात आली.

फार घाबरले मी. नवी सून आणि सासऱ्याची वस्तू मोडली. पण डबा हातात घेऊन पाहिला आणि मला त्याचा लोभ सुटला. इतकी नेटकी वस्तू त्या घरात दुसरी नव्हती. कोठीमागची कात्री शोधून काढली, पत्र्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून नवं छप्पर कापलं, लाटण्यावर दाबून त्याला बाक दिला, म्हणजे मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरतं, भोकाच्या आकाराला बसेल असं. पळसाची लाख चुलीवर पातळ करून ते चिकटवलं. आता परत कसा पाठवायचा? चढ होता, आणि बैल माझ्या बाजूला नव्हता. मग विडीचा दोरा डब्याला बांधला, दुसरं टोक एका काडीला गुंडाळून भोकातून पलीकडे सरकवलं आणि वाट बघत बसले. काही वेळानं दोरा ताणला गेला. डबा चढावरून गेला, भोकात शिरला, अडकला नाही. मग तुम्ही बैलाला म्हणालात, ‘हात चांगला आहे बापा.’ बैलाला हात असतात हे मला त्या दिवशी कळलं.

तिथून आपलं सुरू झालं. सांगाडा तुम्ही करायचात, शिसवी चाकं गोंदियाच्या लाकूड कातणाऱ्या खरादीकडून घडवून आणायचात, आणि अर्धा झालेला डबा दुपारचा आत यायचा. मी खिडक्या कापायची, बाकं बसवायची, खिडक्यांना बांबूच्या बारीक काड्यांचे गज लावायची. दोऱ्याला झटका दिला की तुम्ही ओढून घ्यायचात. सासूबाईंना वाटायचं की ही बिचारी सासऱ्याच्या हौसेची हमाली करते, आणि त्यांना माझी कीव यायची. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. कीव आली की त्या भांडी स्वतः घासायच्या.

आणि मग ते बंपर. गार्डचा डबा माझ्याकडे आला तेव्हा पुढंमागं, डब्याला डबा टेकतो तिथं, काही नव्हतं, तर मी आपल्या बुद्धीनं बंपर बसवले. मी आमगावची, माझ्या डोळ्यांपुढचा डबा बड्या लाइनीचा, त्याला टोकाशी डाव्याउजव्या अंगांना एकेक असे दोन बंपर. जुन्या सदऱ्याची बटणं लाखेनं चिकटवून छान दोन-दोन लावले आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी डबा परत. माझी बटणं गायब, मधोमध एकच लाकडी गोटी. मला वाटलं ओढताना पडले असतील आणि तुम्ही तात्पुरतं काहीतरी लावलं. मी तुमची गोटी काढली, पुन्हा दोन लावले, जास्त घट्ट. परत आला: एक. मी दोन. पुन्हा एक. असं कितीतरी दिवस चाललं, आणि घरात चकार शब्द नाही. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, दोघंही वेडी आहेत. शेवटी एका दुपारी तुम्ही त्या गरीब बैलावर ओरडलात, ‘छोट्या लाइनीले एकच राह्यते म्हणावं, मधात! कोन्या गावची पोट्टी आणली घरात!’ मी जात्यावर बसले होते. मी जात्याला म्हणाले, पण जरा मोठ्यानं म्हणाले, ‘आमगावले दोन राह्यते म्हणावं.’ पलीकडे आधी खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला कळायला वेळ लागला की तुम्ही हसता आहात.

त्या वर्षी दिवाळीला मी माहेरी निघाले होते. ट्रंक दारात ठेवली होती, तुमचा मुलगा बैलगाडी जुंपत होता, आणि भोकातून एक डबा आला. नवाकोरा, मी हात न लावलेला, पुरा झालेला. लहानसा, लाल. एका टोकाला मधोमध एक बंपर, दुसऱ्या टोकाला दोन. असा डबा जगात कुठल्याच लाइनीवर नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी तो पोलक्यांच्या घडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. गोंदियाला गाडी बदलावी लागायची. छोट्या लाइनीतून उतरायचं, पूल चढायचा, हमालांचं ‘चलो बाई, हटो बाई’ ऐकत बड्या लाइनीच्या फलाटावर जाऊन बसायचं. त्या दिवशी मी उतरले तशी, पण मनानं उतरले नाही. मनानं मी त्या लाल डब्यात आहे. हिरडामाळीहून गाडी हलली आहे, कापणीला आलेल्या बांध्या मागे जाताहेत, एका बांधीत सारसाची जोडी मान वर करून उभी आहे. गोंदिया येतं आणि मी जागची उठत नाही. पुढचं छोटं इंजिन सुटतं, मागून बडं इंजिन येऊन दोन बंपरांना टेकतं, थोडासा धक्का बसतो, आणि डबा तसाच पुढे निघतो. रूळ मधेच रुंद कसे झाले हे मी विचारत नाही. आमगावच्या फलाटावर आई उभी आहे. आजही मला तो प्रवास खरा वाटतो, आणि जो खरा केला तो आठवत नाही.

पण डबे वाढत होते, मामाजी, आणि घरात दुसरं काही वाढत नव्हतं. पहिल्या वर्षी सासूबाई ‘नातू खेळल’ म्हणायच्या तेव्हा हसायच्या. मग नुसतं म्हणायला लागल्या. मग म्हणेनाशा झाल्या आणि प्रत्येक नवा डबा पाहून सुस्कारा टाकायला लागल्या, आणि तो सुस्कारा मला बोलण्याहून वाईट लागायचा. शेजारणी आल्या की गाडीकडे बघायच्या, मग माझ्याकडे. एकदा एकीनं विचारलंच, ‘डब्बे त लई झाले वं, बसनारा कवा येते?’ त्या दिवशी चुलीजवळ आलेला डबा मी हातात घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्याच हातांनी मी माझ्या विरुद्ध पुरावा उभा करते आहे असं मला वाटायला लागलं. मला तुमचाही राग आला. तुम्ही एवढं ऐकत होतात, एकदाही बोलला नाहीत. डबा तसाच राखेत पडून राहिला. तुम्ही वाट पाहिलीत, आणि मग बैलाला म्हणालात, हळू आवाजात, ‘काम अर्धं ठेवू नये म्हणावं. राग कोणावर बी राहो.’ मी रडले, डोळे पुसले आणि खिडक्या कापायला बसले. तेवढं एकदाच तुम्ही मला खरोखर रागे भरलात.

मग बोदलकसाकडून सासूबाईंचे भाऊ आले. येताना तळ्याची मासोळी आणली आणि एक स्थळ आणलं. मी माजघरात मसाला वाटत होते, सपरीत सगळे बसले होते, आणि भोकातून सगळं ऐकू येत होतं. ऐकू यावं अशाच आवाजात बोलत होते. ‘पोट्टी चांगली हाय, घर पाह्यलेलं हाय,’ ते म्हणाले, ‘पहिली बी राहील, दुसरी बी राहील. कायले खोळंबून राहिले?’ सासूबाई म्हणाल्या, ‘मी का तिले हाकलून राहिली? राहो ना बापा. पण घरात लेकरू पाहिजे. गाडी बनून राहिली, खेळणारा कुठी हाय?’ तुमचा मुलगा काडीनं जमिनीवर रेघा ओढत बसला असणार, घरात मोठं कोणी बोलत असलं की त्याचं तेच चालायचं. माझा हात पाट्यावर थांबला. मला एवढंच कळत होतं की आता ठरेल ते कायमचं ठरेल. दुसरी आली की चूल तिची, घर तिचं, आणि मी कोठीमागच्या कात्रीसारखी पडून राहणार. मग मामेसासऱ्यांनी पाटावरचा तो दोन तऱ्हांचा डबा, माहेराहून आल्यावर मी गाडीला जोडायला परत पाठवलेला, उचलला असावा. ‘अन् हा कोन्या लाइनीचा डब्बा गा भाऊजी? एकीकडं एक, एकीकडं दोन!’ आणि हसत हसत म्हणाले, ‘दोन बायकांचा नवरा जसा!’ बाकीचेही हसले.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, ‘सूनबाई.’

बैलाला नाही, भिंतीला नाही. मला. सपरीतलं हसू एकदम थांबलं. ‘सूनबाई, हे गाडी कोणासाठी हाय, सांग यायले.’

मी भोकाजवळच बसले होते, पलीकडचे पाय दिसत होते, तुमचे फुटक्या टाचांचे पाय त्यांत ओळखू येत होते. मी तोंड उघडलं. मामाजी, मी उत्तर शोधत नव्हते, उत्तर जिभेवर होतं. पण त्या घरात त्या बाजूला माझा आवाज कधी गेलाच नव्हता, जात्याला सांगितलेलं सोडलं तर, आणि तो कसा पाठवायचा हे मला येईना. सगळे वाट बघत होते. मग तुम्हीच बोललात. ‘ते नाही बोलत, तं मी सांगतो. हे गाडी नातवासाठी नाही. मी कधी तसं म्हटलं नाही, तुमी म्हणत गेले अन् मी ऐकत गेलो, ते माही चुकी. मले हौस होती अन् तिले हात होता. आमी दोघायनं बनवली. लेकरू आलं तं त्याले दुसरी बनवून देऊ. नाही आलं तं नाही आलं. पण या घरात दुसरी सून येनार नाही. मी जिता हाय तवरी नाही, अन् मेल्यावर बी नाही. मासोळी खा अन् जा.’

त्यांनी मासोळी खाल्ली आणि गेले. सासूबाईंनी कितीतरी दिवस तुमच्याशी अबोला धरला, म्हणजे घरात तुमच्याशी बोलणारं बैलाशिवाय कोणी उरलं नाही. तुमचा मुलगा मला एकटीला म्हणाला, ‘बाबा बोलले नसते तं मी बोलणारच होतो.’ मी मान डोलावली. संसार करायचा होता. आणि मला वाटलं होतं की आता आपलं बोलणं सुरू होईल. दुसऱ्या दिवशी तुम्ही शेतावरून आलात, खाटेवर टेकलात, आणि गोठ्याकडे तोंड करून म्हणालात, ‘पाणी आणा म्हणावं कोणी.’ मला इतकं हसू आलं की तांब्यातलं पाणी सांडलं. मग थोड्या दिवसांनी पुन्हा एक डबा आला, बिनखिडक्यांचा, आणि मी कात्री घेतली. पुन्हा कधीही, शेवटपर्यंत, तुम्ही मला नाव घेऊन किंवा नातं लावून हाक मारली नाही. एकदाच मारली, जेव्हा मारायला हवी होती तेव्हा.

लेकरू आलं नाही. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणाऱ्या बायका मला खोट्या वाटतात. झालं, खूप झालं. पण त्या दुःखाबरोबर अपमान नव्हता, तो तुम्ही दारातूनच परत पाठवला होतात. त्या दिवशीचं उत्तर नंतर मी हजारदा मनात दिलं. गाडी माझी होती. अर्धी तुमची, पण अर्धी माझी, आणि त्या घरात तेव्हा दुसरं काहीच माझं नव्हतं. तुम्ही ते ओळखलं होतंत म्हणून तर मला विचारलंत.

काम अजून करते मी. मोतीबिंदू काढल्यापासून जवळचं जरा बरं दिसतं. चुलत पुतण्या गोंदियाच्या दुकानातून प्लास्टिकचे डबे आणून देतो, मी त्यांची छपरं कापून काढते आणि बाक देऊन पुन्हा बसवते, कारण विकत मिळतात ती छपरं मला पटत नाहीत. छोटी लाईन उखडून गेली, हिरडामाळीलाही आता बडी लाईनच आहे. आपल्या डब्यांपैकी काही वाळवीनं खाल्ले. बाकीचे सासूबाईंनी जपले, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. तुम्ही गेल्यावर त्या रोज फडक्यानं पुसायच्या आणि शेजारच्या पोरांना हात लावू द्यायच्या नाहीत. ‘त्यायची अन् सुनेची गाडी हाय,’ म्हणायच्या.

साठ साल उजाडायच्या आधीच गेलात तुम्ही. मळणी आटोपली होती, थंडीतापाचं निमित्त झालं, आणि आठवडाभरात संपलं. मी दाराआडून काढा पुढे सरकवत होते, सासूबाई पाजत होत्या. मग ती सकाळ. तुम्हाला सपरीत घोंगडीवर ठेवलं होतं, गावातले लोक अंगणात जमले होते, आणि आम्हा बायकांना पाया पडायला बोलावलं. मी नेहमीसारखी पदर ओढून, खाली बघत, तुमच्या पायांशी वाकले. पाय मला पाठच होते. उठले तर सासूबाई शेजारी उभ्या. त्यांनी माझा पदर धरला आणि मागे सारला. ‘आता पाह्य वं,’ म्हणाल्या. ‘आता कायची लाज.’

मी पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचा चेहरा पुरा पाहिला. आवाजावरून मला वाटायचं तुमचं नाक मोठं असेल. ते लहान होतं, पोरासारखं. भुवईवर एक जुना व्रण होता, हनुवटीवर पांढरे खुंट. कानाच्या पाळीला भोक होतं, कधीकाळी तुम्ही बाळी घालत असाल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लोक रडत होते आणि मी बघत होते. मला घाई करू नये असं वाटत होतं. सासूबाईंनीही घाई केली नाही, मी पुरेसं पाहीपर्यंत त्या पदर धरून उभ्या राहिल्या.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, वाचूनही कोणाला दाखवायचं नाही. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगायला हवी. पुतण्याची नातवंडं गाडी बघायला येतात आणि विचारतात, तुझे सासरे दिसायला कसे होते? मी सांगते, सावळे, लहान नाकाचे, भुवईवर व्रण. डोळे कसे होते गं? मी म्हणते, घारे. अगदी ठामपणे म्हणते. सासूबाईंना विचारता आलं असतं, तुमच्या मुलाला विचारता आलं असतं; पण ज्या माणसानं मला त्या घरात ठेवलं त्याच्या डोळ्यांचा रंग दुसऱ्या कोणाला विचारायचा हे मला जमलं नाही, आणि आता विचारायला कोणी उरलं नाही. मी पाहिलं तेव्हा ते मिटलेले होते. मला माहीत नाही, मामाजी. घारे होते का?